शून्य धरलेलं घर

१४ मार्च

मिरे,

कान कसे आहेत म्हणून विचारलंस. होते तिथेच आहेत, डोक्याच्या दोन बाजूंना. ऐकू येत नाही एवढंच. वीस वर्षं वखारीत करवतीच्या यंत्राशेजारी उभा राहिलो, त्याचं हे बक्षीस. डॉक्टरनं कानात घालायचं नवं यंत्र दिलंय, पण त्यातूनही करवतच ऐकू येते, म्हणून ते काढून खिळ्यांच्या डब्यात ठेवलंय. तेव्हा फोनच्या भानगडीत पडू नकोस. लिहीत जा. दिवसभर ऑफिसात बटणं दाबतेस, आठवड्याला भावाला एक पान लिहिलंस तर बोटं झिजणार नाहीत.

इकडे बरं आहे. वर्कशॉपमध्ये शाळेच्या बाकांचं काम आलंय, चाळीस बाक. घरी मात्र माझी अब्रू जायची वेळ आली आहे. स्वयंपाकघराचं मागचं दार पुन्हा अडकायला लागलं. जानेवारीत रंधा मारला होता, परवा परत मारला. सुताराच्या घरचं दार लागत नाही, असं तुझी वहिनी आपल्या वरच्या आळीत घरोघर सांगून आली. मी म्हटलं, यंदा हवेत ओल जास्त आहे, लाकूड फुगतं, त्यात सुतारानं काय करायचं? त्यावर तिचे ओठ बराच वेळ हलत होते. मी खिडकीबाहेर बघत बसलो. बहिरेपणाचा हा एक फायदा आहे. मग तिनं माझी पाटी ओढली आणि तेच सगळं खडूनं लिहून दाखवलं.

गच्चीवरचं तुझं ते तिकोनी पत्र्याचं खोकं शाबूत आहे. कबुतरं बसतात त्यात. शेजारचे रंगारीकाका विचारत होते हे काय म्हणून. मी सांगितलं, बहिणीनं आमच्यावर नजर ठेवायला बसवलंय.

तब्येत सांभाळ. उभ्याउभ्या जेवू नकोस.

दादा

ता.क. मिरी, हे पत्र मी चिकटवायच्या आधी वाचलं, नेहमीसारखं. लाकडाचं फुगणं मला काही पटत नाही. ओट्यावर कांदा ठेवला की आपोआप खिडकीकडे जातो. मागच्या वर्षी जात नव्हता. कांदा तर फुगला नाही ना? तुझ्या उपग्रहाला विचारून सांग. – वहिनी


२३ मार्च

दादा,

वहिनीला सांग, कांद्याचा अर्ज वरपर्यंत पोचवला आहे.

तुला एक बातमी द्यायची आहे. आपल्या अख्ख्या डोंगराचा नकाशा आता माझ्याकडे आला. आतापर्यंत मी दुसऱ्यांनी केलेलं तपासत होते, आता माझं मी करायचं आणि खाली माझी सही. मॅडम म्हणाल्या, तू तिथलीच आहेस, तुला दगड न् दगड माहीत असेल. मी मान हलवली. दगड नाही, पण कुठल्या घरात चिंचा मिळायच्या ते माहीत आहे.

तू मागे विचारलं होतंस की इतक्या वरून तुला घर हललेलं कसं कळतं. सांगते. तू रंधा मारल्यावर फळीवर पोलादी पट्टी उभी धरतोस, दोन्ही उजेडासमोर नेतोस आणि मधून उजेड झिरपतो का बघतोस. केसाएवढी फट असली तरी तुला दिसते. आमची रेडिओ इंटरफेरोमेट्री म्हणजे तेच काम आहे. उपग्रह दर बारा दिवसांनी तुमच्यावरून जातो, रेडिओलहरी खाली सोडतो, त्या घरांवर, दगडांवर आपटून परत जातात. आजची परत गेलेली लहर आणि बारा दिवसांपूर्वीची लहर आम्ही एकमेकींना लावून बघतो. दोन्ही तंतोतंत बसल्या तर जमीन जागच्या जागी आहे. एखादी जरा मागे पडली तर तेवढी जमीन लांब गेली. सातशे किलोमीटरवरून दोनचार मिलिमीटरसुद्धा कळतात. तारे बघणारे लोक लांबलांबच्या दोन डिश जोडून असंच करतात, धरणवाले भिंतीवर लक्ष ठेवायला करतात. मी जमीनवाल्यांपैकी.

यात एक गोम आहे. अमुक घर इतकं खचलं, असं उपग्रह थेट सांगत नाही. एका जागेच्या तुलनेत दुसरी किती हलली, एवढंच सांगतो. म्हणून आधी एक जागा ठरवायची, जी हलतच नाही असं धरून चालायचं. ती शून्य. बाकी सगळं तिच्यापासून मोजायचं. मॅडमनी जुन्या पुलाचा खांब सुचवला होता, तो खडकात रोवलेला आहे. पण पुलावर सारखी वर्दळ, तिथून लहर फार खरखरीत येते. आणि आपल्या गच्चीवरचं माझं ते तिकोनी खोकं लहर सरळ परत पाठवतं, नकाशात आरशासारखं लख्ख चमकतं. बाबा म्हणायचेच, जोतं खडकावर आहे, हत्ती नाचले तरी हलायचं नाही. म्हणून मी आपलं घर शून्य धरलं.

आता सगळा डोंगर आपल्या घरापासून मोजला जातो. कुणाला सांगू नकोस, पण रोज सकाळी नकाशा उघडते तेव्हा आधी घर बघते आणि मग कामाला लागते. इथे खोलीत एकटीला करमत नाही, दादा. तेवढाच आधार.

मिरी


१२ एप्रिल

मिरे,

तुझं पत्र तुझ्या वहिनीनं दोनदा वाचलं आणि मग मला वाचू दिलं. आपलं घर शून्य म्हटल्यावर तिला राग आला. म्हणाली, एवढं शिकून पोरीनं घराला शून्य मार्क दिले. मी पाटीवर पंधरा मिनिटं समजावलं. तिला समजलं होतं, ती मला खेळवत होती.

आता कामाचं लिहितो. गंमत बाजूला ठेव. दार तिसऱ्यांदा तासलं. आणखी तासलं तर दार राहणार नाही, नुसतं फळकूट उरेल. मागच्या भिंतीला चीर गेली आहे, माझं पेन्सिलीचं टोक आत जातं. नळाचा पाइप भिंतीजवळ वाकलाय. रंगारीकाका म्हणतात जुनी घरं आहेत, म्हातारपणी आपलीही हाडं कुरकुरतात. वरच्या आळीत आणखी दोघांकडे चिरा आहेत, पण ती घरं मातीची आहेत, आपलं तसं नाही.

तुझ्या वहिनीनं मात्र डोक्यात घेतलंय. तिच्या मामाच्या दोन खोल्या खालच्या रस्त्याला रिकाम्या आहेत. मामा म्हणतो, या महिनाअखेरपर्यंत तुमच्यासाठी थांबतो, नंतर दुसरं कुणी येईल. ती रोज विचारते, जायचं का. मला घर सोडवत नाही, मिरे. बाबांनी बांधलं, निम्मं लाकूडकाम माझं. आणि दोन खोल्यांत माझी हत्यारं कुठे मावायची? पण तिला रात्री झोप लागत नाही. मला काही ऐकू येत नाही म्हणून मी घोरत पडतो. ती म्हणते, भिंतीतून आवाज येतात. मी काय सांगणार? माझ्या दृष्टीनं जगात कुठेच आवाज येत नाही.

आमचं दोघांचं ठरलंय. तू सांगशील ते करायचं. सोनारानंच कान टोचलेले बरे. आमच्यात मोजणारी तूच आहेस. सरळ लिही, राहू की जाऊ.

दादा

ता.क. मिरी, दादा रागावेल म्हणून वर लिहिलं नाही, पण मला भीती वाटते. तू म्हणशील तसं करीन, फक्त उंटावरून शेळ्या हाकू नकोस. जमलं तर एकदा येऊन बघून जा. नाहीतर नीट मोजून सांग. तुझ्यासाठी लोणच्याची बरणी भरून ठेवली आहे, ती न्यायला तरी ये. – वहिनी


२० एप्रिल

दादा, वहिनी,

दोघांना मिळून लिहिते, म्हणजे चोरून वाचायला नको.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी दुसरं सगळं काम बाजूला ठेवलं. मार्चपासूनचे चारही नकाशे पुन्हा काढले. आपलं घर शून्यावर आहे. रंगारीकाकांचं घर शून्यापासून अर्ध्या मिलिमीटरवर, म्हणजे नाहीच म्हणा. वरच्या आळीतली बाकीची घरंही तशीच. अख्ख्या डोंगरात तुमच्याइतकी शांत ओळ दुसरी नाही.

उलट खालचा बाजार, शाळा, पूल हे सगळं नऊ मिलिमीटर वर उचलल्यासारखं दिसत होतं. आता अख्खा बाजार काय भाकरीसारखा फुगणार आहे? हवेत ओल असली की लहर उशिरा पोचते आणि असे भास होतात, हे आमच्याकडे नेहमीचं आहे. दादा म्हणतो ना यंदा ओल जास्त, ती माझ्याही नकाशात शिरली. मी ते नऊ मिलिमीटर हवेच्या नावावर टाकून त्या भागातून वजा केले. नकाशा स्वच्छ झाला. मॅडमनी वरवर पाहिला आणि सही केली.

वहिनी, चिरेचं म्हणशील तर गिलावा जुना झाला की तडकतो. दादाला चुना भरायला सांग. पाइप तर कित्येक वर्षं वाकडा आहे, मी लहानपणी त्याला लोंबकळायची. आणि भिंतीतले आवाज म्हणजे उंदीर असणार. तुला उंदरांची भीती वाटते हे दादाला माहीत नसेल, मला माहीत आहे.

तेव्हा राहा. मामांना नाही म्हणून कळवा. मी नुसती बहीण म्हणून सांगत नाही, हे माझं काम आहे. घर केसाएवढंही हललेलं नाही.

यायचं म्हणशील तर मे महिन्याच्या शेवटी रजा मिळतेय. बरणी तोवर कुणाला देऊ नकोस.

मिरी


१ मे

मिरे,

तुझं पत्र आलं आणि घरात उजेड पडला. मामाला नाही म्हणून सांगितलं, तो थोडा रुसला. चिरेत चुना भरला, वरून रंगारीकाकांनी उरलेला पिवळा हात मारून दिला. आता भिंत आपल्यापेक्षा बरी दिसते. चाळीस बाकांपैकी एकतीस झाले.

शेवटच्या आठवड्यात ये. वाट बघतो.

दादा

ता.क. उंदीर नाहीत, मी सापळा लावून पाहिला. पण तू सांगितलंस ना, मग झालं. काल बऱ्याच दिवसांनी गाढ झोपले. येताना केस नीट विंचरून ये, मागच्या वेळी झाडूसारखे झाले होते. – वहिनी


२७ मे

दादा,

अकरा दिवस तुझ्यासमोर होते आणि बोलले नाही. तुझ्याशी बोलायचं म्हणजे पाटीवर लिहायचं. खोलीत सतत माणसं, मामा, रंगारीकाका, वर्कशॉपमधली मंडळी. मी खडू हातात घेतला की सगळे पाटीकडे बघायचे. दोनदा लिहायला घेतलं आणि ‘जेवलास का’ एवढंच लिहून पुसलं. म्हणून इथे येऊन लिहिते. उभा असशील तर बस.

वहिनी माझ्यामुळे गेली.

लोक म्हणतात पाऊस झाला, डोंगर आला, नशीब. आमच्या ऑफिसनंही तसंच लिहून दिलंय, अचानक घसरण, आधी कळणं शक्य नव्हतं. ते खोटं आहे. कळत होतं. मार्चपासून कळत होतं.

तुला आठवतं ना मी शून्य कुठे धरलं ते. ती जागा हलत नाही असं धरून सगळं मोजायचं असतं. आणि तीच हलत होती. आपलं घर खाली जात होतं. पण मी त्याला शून्य म्हटलं होतं, म्हणून ते नकाशात शून्यच राहिलं, आणि त्याच्या तुलनेत बाकी सगळं गाव वर आल्यासारखं दिसलं. गाडी पुढे सरकली की स्टेशन मागे जातं तसं. ते नऊ मिलिमीटर हवेतली ओल नव्हती. ते आपलं घर होतं. मी माझ्या हातानं ते वजा केलं. शेजारची घरं आपल्याबरोबरच सरकत होती, म्हणून तीही शांत दिसली. सगळ्यात शांत ओळ म्हणून मी तुम्हाला शाबासकी दिली.

तुम्ही सगळे दहाव्याला नदीवर होतात तेव्हा मी एकदा घराच्या जागी पडलेल्या खड्ड्यापर्यंत जाऊन आले. बाबा ज्याला खडक म्हणायचे तो खडक नव्हता, दादा. मातीत रुतलेला मोठा धोंडा होता. तोही घरासकट खाली आला आहे.

पुलाचा खांब शून्य धरला असता तर दहा मिनिटांत दिसलं असतं. परवा धरून पाहिलं. खरंच दहाच मिनिटं लागली. वरची आळी लालभडक. पुलाकडून लहर खरखरीत येते हे खरं, पण तेवढंच कारण नव्हतं. मला रोज घर बघायचं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

आणि वहिनीनं सांगितलं होतं. कांदा घरंगळतो म्हणाली, मी हसले. येऊन बघ म्हणाली, मी नकाशा पाठवला. आई गेली तेव्हा मी पाच वर्षांची होते, माझी वेणी वहिनीनं घातली, पहिल्यांदा शाळेत ती सोडायला आली, मला ताप आला की ती जागी. तिला भीती वाटत होती आणि मी तिला लिहिलं, उंदीर असतील.

मी सगळं लिहून वर दिलं आहे, शून्य कुठे धरलं त्यासकट. मॅडम म्हणाल्या, हे लिहिलं नसतंस तर कुणाला कळलं नसतं. मला माहीत आहे. चौकशी होईल, नोकरी बहुतेक जाईल. ते तुला सांत्वन म्हणून सांगत नाही. तुला सांत्वन कसलं देणार मी.

तू मला काहीही लिही. नाही लिहिलंस तरी मी समजेन.

मिरी


१९ जून

दादा,

तुझं उत्तर नाही. मागणार नव्हते. पण आज लिहिणं भाग आहे, आणि हे पत्र वाच. माझ्याकडून आलंय म्हणून फाडू नकोस.

चौकशी होईपर्यंत मला कामावरून बाजूला केलंय. पण मॅडमनी माझी चावी काढून घेतली नाही. मी रोज येते आणि पुलाचा खांब शून्य धरून सगळा डोंगर पुन्हा मोजते. वरची आळी गेली तिथे आता थांबलं आहे. पण तिच्या खालची ओळ, पाण्याच्या टाकीपासून शाळेच्या मागच्या कुंपणापर्यंत, सरकायला लागली आहे. नऊ घरं. मागच्या बारा दिवसांत चार मिलिमीटर, त्याआधीच्या बारा दिवसांत दोन. वाढतंय. आपल्या घराचे खरे आकडे मी आता काढले, शेवटच्या महिन्यात तेही असेच वाढत गेले होते.

मी वर कळवलं. उत्तर आलं की ज्या व्यक्तीच्या कामाची चौकशी चालू आहे तिच्या आकड्यांवर घरं रिकामी करता येणार नाहीत, दुसऱ्या तज्ज्ञाकडून तपासणी होईल, तीन आठवडे लागतील. त्यांचं चूक नाही. मीही माझ्यावर विश्वास ठेवला नसता.

माझं तिथे कोण ऐकणार? मी तर तीच, जिनं तुम्हाला राहा म्हणून लिहिलं. तुझं ऐकतील. सोबत घरांची यादी जोडली आहे, कुठल्या घराचा किती आकडा ते लिहिलंय. टाकीजवळच्या तिघांना आधी सांग. पुढचा उपग्रह एक तारखेला आहे, त्यानंतरचा तेरा तारखेला.

हे माझ्यासाठी करू नकोस.

मिरी


५ जुलै

मिरे,

दोन्ही पत्रं मिळाली. पहिलं पोस्टाच्या पायरीवर उभ्यानं वाचलं. बस म्हणून लिहिलं होतंस, पण तोवर उशीर झाला होता. त्यानंतर लिहायला तीनदा बसलो. माफ केलं असं लिहायला गेलो तर पेन चालेना. माफ करणार नाही असंही लिहवेना. म्हणून लिहिलं नाही.

मी मामाच्या त्या दोन खोल्यांत राहतोय. त्यानं त्या कुणाला दिल्याच नव्हत्या, म्हणे भाची कधीतरी ऐकेल. हत्यारं मावली. सगळी मावली, वर जागा उरली.

तू सगळं आपल्या डोक्यावर घेतलंस, म्हणून माझं सांगतो. एप्रिलमध्ये तुला विचारलं त्याच्या आदल्या दिवशी मी दाराच्या चौकटीला ओळंबा लावला होता. तुझी वहिनी घराबाहेर गेली होती तेव्हा. चौकट दीड बोट कलली होती. पंधरा वर्षांपूर्वी ती मी बसवली, बाबांनी पाठ थोपटली होती. मला वाटलं मीच तेव्हा तिरकी बसवली आणि इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. लाज वाटली. ओळंबा गुंडाळून ठेवला आणि तुला पत्रात फक्त चीर आणि पाइप लिहिला. ओळंबा खोटं बोलत नाही, हे मी बारा वर्षांचा असल्यापासून जाणतो. दीड बोट कललं असं तुला लिहिलं असतं तर तू पुन्हा मोजलं असतंस. हातच्या काकणाला आरसा कशाला लागतो? मला लागला.

एक गोष्ट तुला माहीत नाही. लिहू की नको असा बरेच दिवस विचार केला. तुझं एप्रिलचं पत्र आलं तेव्हा ट्रंक बांधून दारात ठेवलेली होती. तिनं बांधली होती. म्हणाली, मिरीचं उत्तर काहीही येवो, मी चालले, तुला यायचं तर ये. मग पोस्टमन आला. तिनं ट्रंकेवर बसूनच तुझं पत्र वाचलं. शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, घडी घातली आणि ट्रंकेचे पट्टे सोडायला लागली. मी तिच्या ओठांकडे बघत होतो. म्हणाली, आपल्या पोरीनं सांगितलंय.

तुला टोचावं म्हणून लिहीत नाही. ती तुला पोरगी म्हणायची, एवढं तुला कळावं.

त्या दुपारी मी वर्कशॉपमध्ये छत्तिसावा बाक जोडत होतो. लाकूड चिकटवायच्या सरसाच्या भांड्यात तरंग उठले. मला वाटलं रस्त्यावरून जड ट्रक गेला. सगळे दाराकडे पळाले तरी मी क्लॅम्प आवळत होतो. आता रोज त्या भांड्याकडे बघतो. तिनं हाक मारली असेल का, हे मला कुणी सांगू शकत नाही. आणि मारली असती तरी मला काय कळणार होतं.

तुझी यादी घेऊन नऊ घरी गेलो. या वेळी ओळंबा बरोबर नेला. पाटीवर तुझा आकडा लिहायचा, चौकटीला ओळंबा लावायचा आणि घरच्या माणसाला म्हणायचं, बघ. तुझा आकडा जिथे मोठा तिथे ओळंब्याची दोरी चौकटीपासून जास्त लांब. एकाही घरी चुकलं नाही. टाकीजवळचे तिघे त्याच दिवशी निघाले, बाकी पाच जण आठवड्यात. एकानं मला हाताला धरून बाहेर काढलं होतं, तोही दुसऱ्या दिवशी सामान बांधताना दिसला.

शाळेमागची शिवणकाम करणारी बाई तेवढी ऐकेना. तिनं माझ्या हातातली पाटी घेतली आणि लिहिलं, मागच्या वेळी तुमच्या बहिणीचं चुकलं, खरं ना? मी म्हटलं, हो. तिनं लिहिलं, मग या वेळी बरोबर कशावरून?

माझा आवाज किती मोठा निघतो ते मला कळत नाही, आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली म्हणजे ओरडलोच असणार. म्हटलं, मागच्या वेळी ती स्वतःचं घर धरून मोजत होती. आता तिला धरायला घर नाही.

बाईनं पाटी पुसून माझ्या हातात दिली. मग शिवणयंत्राचं एक टोक धरलं आणि मला दुसरं धरायची खूण केली.

घरं अजून उभी आहेत. लोक मला शिव्या घालतात, उगाच हलवलं म्हणून. ओठ वाचता येतात, त्यामुळे कोण काय घालतो ते कळतं. घालू देत. रोज सकाळी नऊ रिकाम्या घरांना ओळंबा लावून येतो आणि मापं वहीत लिहितो, हवी असतील तर पाठवीन.

तू ये, असं अजून लिहवत नाही. तेरा तारखेचे आकडे मात्र पाठव.

दादा